संसारातला पूर्वपक्ष

नवराबायकोचे भांडण उंबऱ्याबाहेर न्यावे किंवा नाही, असा प्रश्न अलीकडे आम्हांस गावोगाव विचारला जातो. कीर्तन आटोपून मंडळी पांगू लागली म्हणजे एखादा बाप किंवा एखादी आई मागे रेंगाळते. मुलगी माहेरी येऊन बसलेली असते, नाहीतर सून निघून गेलेली असते. जिल्ह्याच्या ठिकाणी 'समुपदेशन' म्हणून काही करतात, तेथे दोघांना बोलावले आहे; जावे काय? विचारतानाच अर्धे उत्तर त्यांच्या तोंडावर असते : "घरची गोष्ट परक्यापुढं कशी मांडावी, महाराज? अब्रू जाते."

प्रश्न धर्माचा आहे, म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे.

प्रथम एवढे पाहू की, भांडण घरात राहते हे म्हणणे तरी खरे आहे काय? आमचे चुडावा हे पूर्णा आणि नांदेड यांच्यामध्ये रेल्वेच्या वाटेवरचे गाव. गाडीतून उतरलेल्या लेकीच्या हातातली पिशवी केवढी आहे एवढ्यावरून गाव ओळखते की, ही भेटायला आली की राहायला आली. सकाळी एका घरात भांडे आपटले तर दुपारपर्यंत ते पूर्णेला ऐकू जाते, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. भांडण उंबऱ्याबाहेर जातेच. सासूच्या तोंडून भावकीत जाते, बायकोच्या तोंडून माहेरी जाते, नवऱ्याच्या तोंडून पारावर जाते. तेव्हा न्यावे की नाही हा प्रश्न उरतच नाही. खरा प्रश्न एवढाच की, ते कोणाकडे न्यावे?

आपल्याकडे असे तिसरे माणूस तीन प्रकारचे असते.

पहिले माणूस पक्षाचे. माहेर मुलीचे आणि सासर मुलाचे. त्यांची माया खरी असते, पण माया एका डोळ्याने पाहते. बाप म्हणतो, "माझी लेक असं बोलणारच नाही." आई म्हणते, "माझ्या पोराला लहानपणापासून ओळखते मी." दोघेही खरे बोलतात, आणि दोघांच्या खऱ्या बोलण्यानेच भांडण वाढते.

दुसरे माणूस निवाड्याचे. गावची बैठक, पंच, सरपंच, पोलीस पाटील. २००७ साली आपल्या राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी समित्या बसल्या. गावातले भांडण गावात, कोर्टकचेरीचा खर्च न करता मिटावे हा तिचा हेतू चांगला होता. परंतु बांधाचे भांडण आणि संसाराचे भांडण यांत एक मोठा भेद आहे. बांधाची मोजणी करता येते. मोजणीदार येतो, खूण दाखवतो, दगड रोवतो; मग एकाचे खरे ठरते व दुसऱ्याचे खोटे. संसाराला अशी खूण नाही. तेथे एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवले की, खोटा ठरलेला मनुष्य रात्री खऱ्या ठरलेल्या माणसाशेजारीच जेवायला बसतो. निवाडा होतो, संसार होत नाही.

तिसरे माणूस उपदेशाचे. त्यात आम्ही कीर्तनकार मंडळी आलो. उपदेश चांगलाच असतो. पण उपदेश ऐकताना प्रत्येकाला शेजारी आठवतो. नवऱ्याला वाटते, हे बायकोने ऐकावे. बायकोला वाटते, हे ह्यांनी ऐकावे. दोघेही मान डोलावतात आणि जसे आले तसे घरी जातात.

समुपदेशक या तिघांहून निराळा आहे. 'समुपदेशन' या शब्दातच उपदेश बसलेला असल्यामुळे घोटाळा होतो, हे खरे. 'उप' म्हणजे जवळ, 'सम्' म्हणजे बरोबर, सम्यक्. जवळ बसून, बरोबर होऊन वाट दाखवणे, असा अर्थ घेतला तर तो कामाला अधिक जुळतो. कारण खरा समुपदेशक फार थोडे सांगतो. त्याचे मुख्य काम ऐकण्याचे, आणि त्याहून मोठे काम, एकाला दुसऱ्याचे ऐकायला लावण्याचे.

ही विद्या अगदी कालची नव्हे. इंग्लंडात १९३८ साली हर्बर्ट ग्रे नावाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने विवाह-मार्गदर्शनाचे मंडळ निघाले. आपल्या देशात १९८४ साली कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. त्यात न्यायालयाने प्रथम समेटाचा प्रयत्न करावा असे सांगितले आहे आणि त्यासाठी समुपदेशक नेमण्याची तरतूद केली आहे. त्याच १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला. पोलिसांच्याच आवारात, परंतु समाजकार्य शिकलेली माणसे तेथे बसून पीडित बाईचे ऐकून घेऊ लागली. पुढे असे कक्ष महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाले. म्हणजे ही पद्धत आपल्याकडे येऊन चाळीस वर्षे लोटली. खेड्यात मात्र तिचे नाव अजून नोटिशीबरोबरच ऐकू येते, म्हणून ती कोर्टाची पहिली पायरी वाटते.

तेथे होते काय, ते सांगतो. जाणता समुपदेशक प्रथम दोघांना एकत्र आणि नंतर एकेकट्याला भेटतो. एकट्याने बोलताना मनुष्य जे बोलतो ते जोडीदारापुढे बोलत नाही. मग काही बैठका दोघांना समोरासमोर बसवून होतात. एकाने बोलायचे, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही. बोलणाऱ्याने 'तू असा, तू तशी' असे म्हणायचे नाही. अमुक झाले तेव्हा मला असे वाटले, एवढेच सांगायचे. त्यानंतर ऐकणाऱ्याने लगेच उत्तर द्यायचे नाही. जे ऐकले ते आपल्या शब्दांत परत सांगायचे, आणि बोलणारा 'हो, असंच' म्हणेपर्यंत सांगत राहायचे. उत्तर मग. घरी जाताना काही लहानसे काम दिले जाते : दिवसातून एवढा वेळ फोन बाजूला ठेवून बोलणे, महिन्याचा खर्च दोघांनी मिळून लिहिणे, असे काही.

ही रीत प्रथम आमच्या कानी आली तेव्हा आम्हांस पाठशाळेची आठवण झाली. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्व कळावे म्हणून जे बोलणे चालते तो वाद. जिंकण्यासाठी जे चालते तो जल्प. आणि स्वतःचे काहीच मांडायचे नाही, समोरच्याचे तेवढे खोडायचे, ती वितंडा. मराठीत आपण भांडणालाच 'वाद' म्हणू लागलो, पण शास्त्रात वाद हा उत्तम. तो गुरुशिष्यांत होतो, सहाध्यायांत होतो, मित्रांत होतो. आणि नवराबायको कोण? सप्तपदीचे सातवे पाऊल मैत्रीचे आहे. भटजी ते मंत्र म्हणतात तेव्हा निम्मे वऱ्हाड जेवणाच्या पंगतीकडे पाहत असते, ती गोष्ट वेगळी. परंतु मैत्री झाली आहे, म्हणजे वादाचा अधिकार आहे. आपल्या घरांतून वाद होतच नाही. जल्प होतो, आणि वर्षे उलटली की त्याची वितंडा होते. "तुम्ही कधी काही केलं का?" याला उत्तर "तुझ्या बापानं काय केलं?" हे वितंडेचे शुद्ध उदाहरण आहे.

वादाचा पहिला नियम कोणता? पूर्वपक्ष. समोरच्याचे मत खोडण्याआधी ते मत त्याच्याइतक्या, किंबहुना त्याच्याहूनही चांगल्या रीतीने मांडून दाखवायचे. जुन्या भाष्यकारांची हीच शिस्त. पूर्वपक्ष अर्धवट मांडून त्याचे खंडन करणाराला पाठशाळेत कोणी पंडित म्हणत नसे. समुपदेशक नवराबायकोला जे शिकवतो ते एवढेच : आधी हिचा पूर्वपक्ष मांड, मग तुझा सिद्धान्त सांग. आमच्या मते या विद्येचे सार ह्या एका गोष्टीत आहे, आणि ती परकी नाही.

आमच्या माहितीतले एक जोडपे आहे. गाव सांगत नाही. त्या दोघांनीच पुढे आम्हांस सर्व सांगितले आणि नाव न घेता इतरांना सांगण्याची मोकळीक दिली. नवऱ्याने बोअर घेण्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. बोअरला पाणी लागले नाही. पाटल्या गेल्या. त्यानंतर दरेक भांडणात 'पाटल्या' हा शब्द येऊ लागला. भाजीत मीठ कमी पडले, पाटल्या. पोराची फी राहिली, पाटल्या. ती दोनदा माहेरी गेली, दोनदा बैठक बसली. बैठकीने निवाडा केला की, नवऱ्याने वर्षाच्या आत पाटल्या करून द्याव्या आणि बाईने नांदायला जावे. निवाडा वावगा नव्हता. त्याने सोयाबीनच्या पैशात एक पाटली करूनही दिली. ती घातली, आणि पुढच्या भांडणात ती पुन्हा गेली. तेव्हा लोक म्हणाले, हिची हावच मोठी.

तिसऱ्या खेपेस ते दोघे समुपदेशनाला गेले. पंधरा दिवसांनी एकदा, असे सहासात वेळा गेले. एकटीला विचारले तेव्हा बाई म्हणाली, "पाटल्या गेल्याचं काही नाही. मला विचारलं असतं तर मीच काढून दिल्या असत्या. मला ते नणंदेकडून कळलं." एकट्याला विचारले तेव्हा नवरा म्हणाला, "विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं अन् पाणी लागलं नसतं, तर तिच्या तोंडाकडं कसं बघितलं असतं?" मग समोरासमोर बसवून त्याला सांगितले की, हिचे दुःख काय आहे ते तुझ्या शब्दांत सांग. तो म्हणाला, "तिला सोनं पाहिजे." ती म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "तिचा माझ्यावर भरवसा नाही." ती म्हणाली, "नाही." बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "हिला वाटतं, या घरात हिला कोणी मोजत नाही." बाईने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. त्यानंतर तिची पाळी आली. त्याचा पूर्वपक्ष तिने मांडायचा. तिलाही तीन वेळा लागल्या. त्याची मग्रुरी वाटत होती ती लाज होती, हे तिच्या तोंडून निघाले तेव्हा त्याची मान खाली गेली.

आता पाहा, बैठकीने पाटल्यांचा न्याय केला. भांडण पाटल्यांचे नव्हतेच. जे भांडण नव्हते त्याचा निवाडा कितीही चोख झाला तरी भांडण तसेच राहणार. ते दोघे आज नांदत आहेत. भांडतातही. पण तो शब्द त्या घरात आता निघत नाही.

ही 'मला विचारले नाही' याची जखम फार जुनी आहे. लोकापवादासाठी रामाने सीतेला वनात धाडले, ते तिला न सांगता. भवभूतीने उत्तररामचरित नाटकात त्यापुढची कथा रंगवली आहे. तिसऱ्या अंकात, बारा वर्षांनंतर, राम गोदावरीकाठी पंचवटीत येतो. भागीरथीच्या कृपेने सीता तेथेच आहे, परंतु कोणाला दिसत नाही. तिची सखी वासंती रामाला टोचून बोलते, आणि राम कोसळून आपले दुःख बोलू लागतो. सीता ते सर्व ऐकते. त्याला उत्तर द्यायची सोय नाही, भांडायची सोय नाही, निघून जायची इच्छा नाही. केवळ ऐकायचे आहे. आणि ऐकता ऐकता बारा वर्षांचा राग वितळू लागतो. समुपदेशकाच्या खोलीत ऐकणाऱ्याला जे गप्प बसवतात त्याचे मर्म कवीने असे दाखवून ठेवले आहे. तळे तुडुंब भरले म्हणजे त्याला सांडवा काढून द्यावा लागतो, नाहीतर पाळ फुटते, हा दाखलाही त्याच अंकात आहे. आपल्याकडच्या पाझर तलावांची पाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

क्रोधाविषयीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची कथा आपण ऐकली असेल. निर्णय देण्यास मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती बसली. तिने दोघांच्या गळ्यांत माळा घातल्या आणि सांगितले, ज्याची माळ आधी कोमेजेल तो हरला. जाणते याचा अर्थ असा लावतात की, ज्याला राग येईल त्याच्या अंगाच्या तापाने फुले सुकतील. अमेरिकेत जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, त्यांच्या नाडीचे ठोके मोजत, त्यांचे बोलणे तपासले. त्यांचे सांगणे असे की, भांडणात नाडी शंभराच्या वर गेली म्हणजे मनुष्याच्या कानात शब्द शिरतो पण अर्थ शिरत नाही. अशा वेळी निदान वीस मिनिटे थांबावे आणि मग बोलावे. माळ कोमेजू लागली की उठावे, एवढेच ते. मात्र उठताना 'मी येतो, मग बोलू' असे सांगून उठावे. न सांगता उठून पारावर जाऊन बसणे याला थांबणे म्हणत नाहीत, त्याला पाठ फिरवणे म्हणतात.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. जोडप्यांमधली सुमारे ६९ टक्के भांडणे कायमची असतात, मिटत नाहीत. सुखी जोडप्यांचीही मिटत नाहीत. ती त्यांच्यासह हसतखेळत राहायला शिकतात. आणि संसार मोडण्याची सर्वांत मोठी खूण राग ही नसून तुच्छता ही आहे. राग येतो आणि जातो. परंतु जोडीदार बोलत असता तोंड वाकडे करणे, चारचौघांत 'हिला काय कळतंय' म्हणणे, 'ह्यांच्यानं काय होतंय' म्हणून हसणे, हे विष मुळाला लागते. दिंडीत अनोळखी माणसाच्या पाया पडताना आपण त्याला माउली म्हणतो. वय पाहत नाही, जात पाहत नाही. मग घरी पोचल्यावर चुलीपुढच्या माउलीला हाक मारताना आवाज का बदलतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता एक फार जपून सांगण्याची गोष्ट. वाद बरोबरीच्यांत होतो. जेथे एकाचा हात उठतो आणि दुसरे माणूस भीतीने गप्प राहते तेथे वाद नाही, तेथे पूर्वपक्ष मांडा म्हणण्यात अर्थ नाही. कोणी येथे संत बहिणाबाईंचा दाखला देतात : नवऱ्याने मारले तरी त्या सोसत राहिल्या, पुढे त्यांचे पती आजारी पडले, पालटले, आणि सर्व ठीक झाले. दाखला अपुरा आहे. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला ज्यांची समाधी आहे त्या ह्या बहिणाबाईंनी तो मार झाकून ठेवला नाही. आपल्या आत्मनिवेदनात, आपल्या तोंडाने, नवऱ्याने कसे मारले ते सांगून ठेवले. घरची गोष्ट उंबऱ्याबाहेर नेऊ नये असे म्हणणारांनी लक्षात घ्यावे की, एका संताने ती तीनशे वर्षांमागे सर्व जगापुढे ठेवली आहे, आणि त्याने तिची अब्रू गेली नाही. नवऱ्याला आजारपण येऊन तो सुधारेल म्हणून आजच्या लेकीने वाट पाहावी, असा त्या कथेचा अर्थ लावणे हा त्या माउलीवर अन्याय आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात न्यायाधीशाला समुपदेशनाचा आदेश देता येतो. परंतु त्याच्या नियमांत एक अट आहे ती फार मोलाची वाटते : समुपदेशनात मारणाऱ्याला आपल्या मारण्याचे समर्थन करता येणार नाही, आणि हे त्याला आधीच सांगितले पाहिजे. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, हा एक पूर्वपक्ष ग्राह्यच नाही. 'ती उलट बोलली म्हणून मारलं' हे वाक्य तेथे चालत नाही. आधी हात खाली, मग बोलणे. ज्या बाईला जिवाची भीती आहे तिने समुपदेशनाची वाट न पाहता १८१ ह्या महिलांच्या क्रमांकावर अथवा ११२ वर फोन करावा. आईबापांनीही 'थोडं सोस' म्हणण्याआधी एकदा तिची पाठ पाहावी.

दुसरी मर्यादा. समुपदेशनाने पाऊस पडत नाही, कर्ज फिटत नाही, दारू आपोआप सुटत नाही. दारूला दारूचा उपचार हवा. मनाच्या आजाराला डॉक्टर हवा. आणि सर्वच जोडपी जुळतात असेही नाही. अमेरिकेत दीर्घकाळ भांडणात असलेल्या १३४ जोडप्यांना दोन पद्धतींनी समुपदेशन देऊन पाच वर्षे त्यांचा मागोवा घेतला. पाच वर्षांनी साधारण निम्म्या जोडप्यांचे बरेच सुधारले होते. चौथा हिस्सा किंवा थोडी अधिक वेगळी झाली होती. यात निराश होण्यासारखे काही नाही. मोडायला आलेली शंभर घरे घेतली आणि त्यातली पन्नास सावरली, तर ते थोडे काम नव्हे. पण शंभर सावरतील असे जो सांगतो त्याच्यापासून दूर राहावे. तीन दिवसांत नवरा वश, सात दिवसांत सून परत, अशा जाहिराती लावून बसणारे भोंदू आणि समुपदेशक यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. समुपदेशक मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेला असावा, त्याने दोघांचेही ऐकावे, खोलीतली गोष्ट खोलीत ठेवावी, आणि फळाचे आश्वासन देऊ नये. ही चार लक्षणे पाहावीत.

आणि वेगळे व्हायचे ठरलेच तर तेही माणुसकीने व्हावे. परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. अर्ज केल्यावर सहा महिने थांबण्याची अट तिच्यात आहे. नांदण्याची काहीच आशा उरली नसेल तर न्यायालय ती मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. अशा जोडप्यालाही समुपदेशनाचा उपयोग होतो, कारण नवराबायकोचे नाते सुटले तरी लेकराचे आईबाप हे नाते सुटत नाही. शाळेच्या दाखल्यावर दोघांची नावे राहणारच. ती दोन नावे एकमेकांना शिव्या न देता लेकरासमोर उभी राहिली, तर तेही यशच.

मग जावे कोठे? प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तेथे कायद्याची मदत फुकट मिळते, तिचे उत्पन्न कितीही असो, आणि तेथूनच कोर्टाबाहेर समेटाची वाटही निघते. मनावर फार ताण असेल तर १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ सालापासून चालू आहे. त्यावर फुकट बोलता येते. चुडाव्याहून परभणी किंवा नांदेड काही काशी नव्हे. बोअरसाठी आपण पाणाड्याला शोधत चार गावे पालथी घालतो, म्हशीच्या दुखण्याला तालुक्याचा डॉक्टर आणतो. संसार दुखत असता मात्र म्हणतो, आपोआप बरा होईल.

आणि शक्य तोवर लवकर जावे. नोटीस आल्यावर जाणे म्हणजे पाळ फुटल्यावर सांडवा खणणे. कित्येकांना तर जायची वेळही येणार नाही, जर एक नेम त्यांनी घरीच धरला. आठवड्यातून एक दिवस, एकादशीचा म्हणा की बाजाराचा म्हणा, निजण्यापूर्वी दोघांनी बसावे. नवऱ्याने बायकोचा पूर्वपक्ष मांडावा : या आठवड्यात तुला काय जड गेले असेल, असे मला वाटते ते सांगतो. बायकोने नवऱ्याचा मांडावा. चुकेल. पहिल्यांदा सर्वांचेच चुकते. समोरच्याने रागावू नये. 'नाही, तसं नव्हे' एवढेच म्हणावे आणि पुन्हा सांगू द्यावे. उत्तर देण्याची घाई करू नये. पुष्कळदा उत्तराची गरजच उरत नाही.

अब्रूचा प्रश्न राहिला. अब्रू भांडण झाकल्याने राहत नाही. घर राहिल्याने राहते. ज्याला आपल्या जोडीदाराचे दुःख त्याच्या समाधानापुरते शब्दांत मांडता येते, त्याने ते उंबऱ्याआत मांडले काय आणि परभणीच्या एखाद्या खोलीत तिसऱ्यापुढे मांडले काय, धर्म एकच. आणि ज्याला ते साधत नाही, त्याने साधून देणाऱ्याकडे जाण्यात कमीपणा मानू नये. पाठशाळेत आम्ही हेच करीत होतो. स्वतःला पंक्ती लागली नाही की गुरुजींकडे जायचो. संसाराची पंक्ती त्याहून अवघड आहे.